वाचकांचे प्रश्न: कानस, पातं आणि सरकलेली धार

मागच्या अंकात आपण पट्टीतून सुरीचं पातं कापून त्याचा आकार काढण्यापर्यंत आलो होतो, आणि शेवटी मी एका ओळीत लिहून मोकळा झालो की आता दोन्ही बाजूंनी बेव्हल काढून घ्या. बेव्हल म्हणजे पाठीकडून धारेकडे जाणारा उतार, सुरीची सुरी होते ती तिथेच, आणि मी तेच एका ओळीत उरकलं. त्यामुळे आलेल्या पत्रांमधे थोडा राग आहे तो बरोबरच आहे. यावेळी सगळी पत्रं बेव्हलचीच घेतलीत.

प्रश्न: माझ्याकडे ग्राइंडर नाही, फक्त कानशी आहेत. १०८४ या कार्बन स्टीलची ३ मिमी जाड पट्टी घेऊन दोन पाती करून झाली. दोन्हींचा बेव्हल सपाट यायच्या ऐवजी पोट सुटल्यासारखा गोल येतो, आणि धार मधोमध न राहता एका बाजूला सरकते. माझा हात स्थिर नाही म्हणून होतंय का हे? सोडून देऊ का?

सोडू नका. आणि हाताला इतक्यात दोष देऊ नका, कारण तुम्ही एका दमात दोन तक्रारी सांगितल्यात आणि त्यातली एकच हाताची आहे.

धार सरकते कारण धारेवर रेघ नाहीये, किंवा एकच आहे. खूप जण मधोमध एक रेघ मारतात आणि दोन्हीकडून तिच्यापर्यंत येतात. पण पहिल्या बाजूने येता येता ती रेघ अर्धी खाल्ली जाते आणि दुसऱ्या बाजूला आपण अंदाजाने जातो. दोन रेघा लागतात, आणि त्या दोघींच्या मधलं स्टील हे तुमचं नाही असं समजून चालायचं, त्याला कानस लावायची नाही.

रेघा मारायला महागडं काही लागत नाही. धारेच्या कडेला परमनंट मार्करने काळं करा, पातं जाड काचेवर किंवा कुठल्याही खरोखर सपाट गोष्टीवर आडवं ठेवा आणि शेजारी ड्रिलचा बिट आडवा ठेवून त्याचं टोक कडेवरून ओढत न्या. मग पातं उलटं करून परत. बिटचं टोक त्याच्या जाडीच्या मधोमध असतं, म्हणजे ३ मिमी पट्टीला ३ मिमी बिट वापरला तर दोन्ही वेळेला रेघ जवळजवळ एकाच जागी येते. आपल्याला ते नकोय, आपल्याला दोन रेघांत साधारण ०.८ मिमी अंतर हवंय. म्हणून बिट २.२ चा घ्या. त्याचं टोक काचेपासून १.१ मिमीवर येतं, पातं उलटं केलं की दुसऱ्या बाजूने १.१ वर, आणि मधे बरोब्बर ०.८ राहतं. बिटचं टोक काही सुईसारखं नसतं त्यामुळे थोडं इकडेतिकडे होतं, ते चालतं, दोन्ही बाजूंना सारखंच इकडेतिकडे होतं.

रेघा मारल्या मारल्या मोठ्या उतारावर तुटून पडू नका. आधी कानस ४५ अंशात धरून धारेची कड दोन्ही बाजूंनी रेघेपर्यंत उतरवून घ्या. हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे आणि याने धार कुठे येणार ते पक्कं होतं. त्यानंतर कानस हळूहळू आडवी करत तो छोटा उतार पाठीकडे चढवत न्यायचा. धारेकडून पाठीकडे, लक्षात ठेवा, उलटं नाही. आणि एक बाजू पूर्ण करून मग दुसरी असं करू नका, थोडं इकडे थोडं तिकडे करत जा म्हणजे चूक झाली तरी छोटी असताना दिसते.

आता पोट. ते येतं कानस डुलते म्हणून, झोक्यासारखी, सुरुवातीला मूठ खाली आणि शेवटी पुढचं टोक खाली. पातं पकडणारा व्हाइस कोपराच्या उंचीला आहे का बघा, बहुतेकांचा खाली असतो आणि माणूस वाकून कानस मारत असतो. एक पाय पुढे, मनगट घट्ट, आणि ढकलायचं ते अंगाने, नुसत्या हाताने नाही. स्ट्रोकच्या सुरुवातीला दाब पुढच्या हातावर असतो आणि कानस पुढे जाईल तसा तो मागच्या हातावर यायला हवा, दोन्ही हात पूर्ण वेळ सारखेच दाबत राहिले की झोका येणारच. कानस फक्त पुढे जाताना कापते, परत येताना उचला किंवा निदान दाब सोडा, नाहीतर दात बोथट होतात. आणि बिनमुठीची कानस कृपा करून वापरू नका, तिचं मागचं टोकदार शेपूट तळहातात घुसतं.

आणि दर वीसेक स्ट्रोकला सगळ्या बेव्हलवर मार्कर फिरवा, दोन स्ट्रोक मारा आणि बघा रंग कुठून गेला. मधूनच गेला तर पोट आहे, वरून आणि खालून गेला आणि मधे राहिला तर खड्डा आहे. स्टीलची पट्टी बेव्हलवर उभी धरून उजेडाकडे बघितलं की उरलेलं सगळं दिसतं. मी तर म्हणेन कानशीपेक्षा मार्कर जास्त संपला पाहिजे. माझं पहिलं पातं मी तीन संध्याकाळी न थांबता घासलं होतं, एकदाही न बघता, आणि ते पातं आता रंगाचे डबे उघडायला वापरतो.

प्रश्न: तुम्ही ०.८ म्हणता. मी धार आधीच कागदासारखी पातळ करून टाकली, म्हटलं नंतरचे कष्ट वाचतील. पाणी पाजल्यावर धारेला लाटा आल्या, अगदी झालरीसारख्या. आता?

आता ते पातं शिकवणी म्हणून ठेवा. लाटा नंतर सरळ होत नाहीत, तेवढा भाग कापूनच काढावा लागतो.

कारण असं की पाणी पाजताना, म्हणजे पातं लाल करून तेलात बुडवलं की पातळ भाग झटक्यात थंड होतो आणि जाड पाठ मागून येते. कडक होताना स्टील किंचित फुगतंही. पातळ धारेत ही ओढाताण सोसायला अंगच नसतं, मग ती वेडीवाकडी होते किंवा तडकते. शिवाय भट्टीत पृष्ठभागावरचा थोडा कार्बन जळून जातो, त्या थराखाली चांगलं स्टील उरायला हवं ना, कागदाएवढ्या धारेत काय उरणार. म्हणून पहिल्या एकदोन पात्यांना ०.८, हात बसला की ०.५ पर्यंत या.

उरलेलं पातळ करायचं ते टेम्पर (म्हणजे पाणी पाजलेलं पातं पुन्हा हलकं तापवून त्याचा ठिसूळपणा घालवणं) झाल्यावर, स्टोनवर किंवा सपाट पट्टीला पॉलिश पेपर गुंडाळून. तेव्हा कानस चालत नाही, पातं तोवर कानशीच्या जवळपास कडक झालेलं असतं. वेळ लागतो, खरंय. पण कष्ट वाचत नसतात, फक्त जागा बदलतात.

प्रश्न: सगळे सांगतात की सुरीला २० अंश. मी जिगवर (कानस ठरलेल्या अंशात धरणारा साचा) बरोबर २० अंश लावून कानस मारली तर बेव्हल जेमतेम ४ मिमी उंचीचा आला आणि सुरी छिन्नीसारखी दिसते. माझी पट्टी ३ मिमीची आहे. गणित कुठे चुकलं?

गणित चुकलं नाही, दोन वेगळे अंश एकमेकांत मिसळलेत. २० अंश म्हणतात तो अगदी शेवटी स्टोनवर लावायच्या धारेचा, जो जेमतेम अर्धा मिमी रुंद असतो. बेव्हलचा अंश त्याच्या पुष्कळ खाली असतो.

तुमच्या पट्टीची अर्धी जाडी १.५ मिमी. धारेला ०.८ ठेवायचं तर एका बाजूचे ०.४ वजा, म्हणजे एका बाजूने काढायचं स्टील १.१ मिमी. बेव्हल २५ मिमी उंच हवा असेल तर १.१ भागिले २५, आणि हा उतार येतो साधारण अडीच अंश. फक्त अडीच! म्हणून डोळ्याला कानस जवळजवळ सपाट पडल्यासारखी दिसते आणि नवीन माणसाला वाटतं काहीतरी चुकतंय, मग तो कानस वाकवतो.

आता तुम्ही केलंय त्याच्या जवळ जाणारा एक प्रकार खरंच आहे, स्कँडी म्हणतात, त्यात वेगळी धार नसतेच, एकच उतार सरळ धारेपर्यंत जातो. त्याला एका बाजूचे साधारण १२ अंश धरतात आणि ३ मिमी पट्टीवर तो सातेक मिमी उंच येतो. लाकूडकामाला झकास, पण पातळ काप काढायला जड पडतो, जाड खांदा आड येतो. तुमच्या पात्याला अजून पाणी पाजलेलं नसेल तर काही बिघडलं नाही, तो ४ मिमीचा बेव्हल म्हणजे वर सांगितलेली ४५ अंशाची पहिली पायरीच समजा आणि तिथून वर चढवत न्या. फक्त धारेला अजून हात लावू नका.

प्रश्न: जिग करावा की हातानेच शिकावं? काही अनुभवी लोक जिगला हसतात.

हसू द्या. जिग म्हणजे फळीवर पातं क्लॅम्प केलेलं, मागे एक उभा बोल्ट ज्याच्या डोळ्यातून सळई जाते, आणि त्या सळईला कानस बांधलेली. डोळा वरखाली केला की अंश बदलतो. धारेपासून डोळा ३०० मिमी लांब असेल तर अडीच अंशासाठी तो १३ मिमी वर घ्यायचा. कुठून वर, तर आधी कानस पात्यावर पूर्ण सपाट टेकवा, त्या वेळी डोळा जिथे असेल ते शून्य, तिथून १३.

डुलणं याने पूर्ण जातं. पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, जिग धार मधोमध आणून देत नाही, रेघा चुकल्या तर तो चूकसुद्धा अगदी सफाईने करतो. आणि दुसरी, जिने मला एक पातं घालवायला लावलं: पहिली बाजू झाल्यावर पातं उलटं ठेवता तेव्हा खालची बाजू उताराची झालेली असते, धारेखाली मिमीभर पोकळी राहते. कानशीचा दाब आला की पातं तिथे खाली लवतं, दाब गेला की वर येतं, आणि तुम्हाला वाटतं कानस कापत नाहीये म्हणून अजून दाबता. धारेखाली पुठ्ठ्याची पट्टी सरकवा, पोकळी भरेल एवढीच. टोकाखालीही आधार हवा.

माझं विचाराल तर पहिलं पातं हाताने करा, दुसरं जिगवर, मग तिसऱ्याला तुम्हालाच कळेल काय हवंय ते. फक्त जिग बनवण्यातच सहा महिने घालवू नका, तसेही लोक आहेत, त्यांचा जिग बघायला छान असतो आणि सुरी एकही नसते.

प्रश्न: दादा, मुठीजवळ जिथे बेव्हल संपतो ती रेघ दोन्ही बाजूंना कधीच समोरासमोर येत नाही. एक पुढे एक मागे. ती जुळवायला गेलो की दोन्ही मुठीकडे सरकत जातात, आता मूठ बसवायला जागाच उरली नाही.

याला प्लंज लाइन म्हणतात आणि ही सगळ्यांना छळते. तुम्ही पहिल्या स्ट्रोकपासून तिला चिकटून कानस मारताय, माझी पैज आहे. म्हणजे आधी कळस मग पाया. पूर्ण बेव्हल होईपर्यंत त्या रेघेपासून ३-४ मिमी लांब राहायचं, तिथे ओबडधोबड पायरी राहिली तरी राहू दे, आणि शेवटी, अगदी शेवटी, ती पायरी रेघेपर्यंत न्यायची.

नेताना डोळ्यावर विसंबू नका. फाइल गाइड मिळतं, दोन कडक स्टीलच्या पट्ट्या पात्यावर बोल्टने आवळायच्या आणि कानस त्यांना अडते. घरी करायचं तर कडक केलेले दोन स्टीलचे तुकडे क्लॅम्पने धरा, पण दोन्ही बाजूंना एकदाच काटकोन्याने जुळवून, मग हलवायचे नाहीत. साधं लोखंड लावलं तर कानस त्यालाही खाते आणि रेघ सरकतेच. कानशीची बाजूची कड गुळगुळीत असावी, बिनदातांची, नाहीतर ती गाइडलाच कापत बसते.

आणि तो कोपरा काटकोनात धारदार ठेवू नका. पाणी पाजताना पात्यातला सगळा ताण अशा कोपऱ्यात गोळा होतो आणि तडा तिथूनच जातो. कानशीचा कोपरा आधी स्टोनवर थोडा गोल करून घ्या किंवा गोल कानशीने शेवटचा हात फिरवा. तो छोटा गोलवा दिसतोही चांगला, आणि खरं सांगायचं तर त्यात अर्ध्या मिमीचा फरक लपूनही जातो.

जागा उरली नाही म्हणता, तर पाठ आणि धार तशीच ठेवून मूठ थोडी आखूड घ्या. अजून काय करणार.

प्रश्न: कानस नुसती घसरते, कीस निघतच नाही, चकचकीत होतं फक्त. जुन्या गाडीच्या पाट्याची पट्टी आहे.

पाटा म्हणजे आधीच कडक करून टेम्पर केलेली स्प्रिंग. ती नरम करून घ्यावी लागते. चुंबक चिकटायचं बंद होतं तेवढी लाल करा (हे साधारण ७७० अंश सेल्सिअसला होतं), त्याहून किंचित जास्त, आणि मग कोरड्या राखेत पुरून रात्रभर विसरून जा. हवेत पटकन गार झाली तर पुन्हा कडक होईल. आणि जुना पाटा कधीकधी आतून तडकलेला असतो, तो तडा तुम्हाला पाणी पाजल्यावर दिसतो, आधी नाही, म्हणून पहिल्या सुरीला नवीन पट्टी घ्या असं मी सारखं म्हणतो.

कानस कापते पण मधेच खोल ओरखडा पाडते अशी तक्रार आणखी दोघांची आहे. दातांत कीस अडकलाय. वायर ब्रशने काढा आणि कानशीला खडू चोळा, मग तो सहज अडकत नाही.

प्रश्न: टोक नेहमी जास्त पातळ होतं. बाकीचं पातं बरोबर, टोक मात्र ब्लेडसारखं.

कारण टोकाला स्टील कमी आणि तुमचे स्ट्रोक तेवढेच. मुठीजवळ कानशीखाली २५ मिमी रुंद जागा असते, टोकाजवळ ८-१० मिमी, म्हणजे तोच दाब कमी जागेवर पडतो आणि दुपटीने खातो. त्यात प्रत्येक स्ट्रोक टोकावरून बाहेर जाताना कानस खाली झुकते, ते वेगळंच. शेवटच्या दोन-अडीच सेंटिमीटरला निम्मे स्ट्रोक मारा आणि जिथे धार वर वळते तिथे कानशीचं शेपूट वळणाबरोबर फिरवत न्या, अंश तोच ठेवून. बेव्हलची वरची रेघ धारेसारखीच वर वळेल, ती वळू दे. ती पाठीला समांतर सरळ हवी म्हणून हट्ट करणाऱ्यांचं टोक एकतर पातळ होतं नाहीतर जाड राहतं.

प्रश्न: पाणी पाजण्याआधी किती पॉलिश करू? आरशासारखं करून ठेवलंय.

वाया गेलं. भट्टीत काळी पापुद्री धरणारच आहे. कानशीच्या आडव्या खुणा मात्र नक्की घालवा, पाठीकडून धारेकडे जाणारा खोल ओरखडा म्हणजे तडा जायला आयतं निमंत्रण. कानस दोन्ही हातांनी आडवी धरून पात्याच्या लांबीत ओढा, खुणा उभ्या होतील, मग १२० चा पेपर, मग २२०, पेपर कायम सपाट पट्टीला गुंडाळून. बोटाने पेपर घासलात तर इतक्या कष्टाने आणलेला सपाट बेव्हल गोल होईल. पुढचं पुढे.

प्रश्न: एका बाजूने रेघेच्या पलीकडे गेलो. व्हर्नियरने मोजलं, मधल्या दोनेक इंचांत धार ०.४ राहिलीय आणि ती डावीकडे झुकलेली आहे, बाकी सगळीकडे ०.८. खालून थोडं घासून धारच वर घेतली तर जाडी परत मिळेल ना? की पातं फेकून देऊ?

मोजलंत हे फार चांगलं केलंत, पत्रात मापं देणारे तुम्ही एकटेच.

धार वर घेऊन जाडी मिळते, पण किती ते आधी बघा. २५ मिमीच्या बेव्हलवर दोन्ही बाजू मिळून २.२ मिमी उतरते, म्हणजे धार १ मिमी वर घेतली की जाडी वाढणार जेमतेम ०.०९. ०.४ चं ०.८ करायला साडेचार मिमी रुंदी घालवावी लागेल, आणि तीही अख्ख्या पात्याची, नाहीतर धारेत खड्डा दिसेल. रुंदी ३५ मिमीच्या वर असेल तर विचार करा, २५ असेल तर राहू दे.

माझा सल्ला, दोन मिमी वर घ्या, त्याने तिथे ०.६ च्या जवळ येईल. मग पुन्हा मार्कर, पुन्हा काच, पुन्हा बिटने दोन रेघा, या वेळी ०.६ अंतराच्या, म्हणजे २.४ चा बिट. फक्त आता पातं बेव्हलवर टेकवू नका, मुठीकडचा सपाट भाग आणि पाठीजवळची न घासलेली पट्टी काचेवर टेकली पाहिजे. बेव्हल अगदी पाठीपर्यंत चढला असेल तर मुठीकडचा भागच काचेवर घट्ट दाबून धरा. झुकलेली धार किती झुकलीय तेही त्या रेघांवरून कळेल. ०.२ मिमीचा फरक असेल तर सोडून द्या, शेवटची धार लावताना एका बाजूला दोन हात जास्त मारले की जातो. जास्त असेल तर उजव्या बाजूने तेवढ्याच दोन इंचांत नाही, पूर्ण लांबीत हलका हात फिरवा आणि प्रत्येक दहा स्ट्रोकला मोजा.

एवढं करून ती बाजू ०.५ वर आली तरी पाणी पाजा. तेल ५० अंशांच्या आसपास गरम ठेवा, पातं टोक खाली करून सरळ उभं बुडवा आणि आत हलवायचं झालं तर मागेपुढे, सुरीने कापल्यासारखं. बाजूला हलवलंत तर एक बाजू आधी गार होऊन पातं वाकतं. बाहेर काढल्यावर लगेच नजर धारेवरून लांबीत टाका. वाकलेलं असेल तर हातमोजे घालून सरळ करायला मिनिटभरसुद्धा मिळत नाही, त्यामुळे हातमोजे आधीच घालून ठेवा.